अंधारात फोटो काढणारी फिल्म

झाडीपट्टीतले नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटे कोंबडा आरवायच्या वेळी संपते. दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गावोगावी मंडई भरू लागते. त्यापाठोपाठ शंकरपट येतात. मंडई असो की पट, रात्री नाटक हे ठरलेलेच. लाखनीच्या आजूबाजूच्या गावांत मी ही नाटके लहानपणापासून पाहत आलो. पुढे हातात कॅमेरा आला, तेव्हा या नाटकांचे फोटो काढावेत असे वाटणे साहजिक होते. आज मला बोलायचे आहे ते मात्र नाटकांविषयी नव्हे, तर ते फोटो ज्या फिल्मवर काढले त्या फिल्मविषयी. अंधारात फोटो काढणारी ती सोळाशेची रंगीत फिल्म आता कोणी तयार करीत नाही.

आधी अडचण काय होती ती सांगतो. रात्रीचा फोटो म्हटला की कोणीही म्हणेल, फ्लॅश मारा. नव्वदच्या दशकात कोडॅकचा केबी-१० कॅमेरा घरोघरी पोचला होता. त्याला फ्लॅश अंगचाच होता. तो घेऊन लोक नाटकाला येत, पाचव्या-सहाव्या रांगेतून फ्लॅश मारत आणि रोल धुऊन आला की फोटोत पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी लख्ख पांढरी दिसत. रंगमंचाच्या जागी काळोख. लहान फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरच्या पलीकडे जात नाही, हे बहुतेकांना फोटो हातात पडल्यावरच कळे.

मोठा फ्लॅश आणला तर फोटो येई, पण नाटक नाहीसे होई. खलनायक येताना पडणारा तांबडा उजेड, मागच्या रंगवलेल्या पडद्यावरची सावली, नायिकेच्या चेहऱ्यावर एका बाजूने आलेला पिवळा झोत, हे सगळे फ्लॅशच्या एका झपाट्यात धुऊन निघायचे. शिवाय नटांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मंडळाचे लोक माइकवरून तंबी द्यायचे, आणि त्यांचे बरोबरच होते.

म्हणजे जो उजेड आहे त्यातच फोटो काढायचा. तो उजेड किती? साधा हिशेब सांगतो. शंभर गतीची फिल्म कॅमेऱ्यात असेल आणि लेन्सचे तोंड २.८ इतके उघडे असेल, तर तसल्या रंगमंचावर शटर पाव सेकंद उघडे ठेवावे लागे. पाव सेकंद म्हणजे फार थोडा वेळ वाटतो, पण तेवढ्यात नट मान वळवतो, हात उगारतो. फोटोत माणसाऐवजी धूर दिसतो. सोळाशे गतीच्या फिल्मला मात्र तेवढ्याच उजेडात सेकंदाचा साठावा भाग पुरतो. मान वळवणारा माणूस त्यात सापडतो. नाटकाचा फोटो येणार की नाही हे या एका आकड्यावर ठरत असे.

आता ही गती म्हणजे काय? रोलच्या खोक्यावर १००, २००, ४०० असे आकडे असत, ते तुम्हाला आठवत असतील. आकडा दुप्पट झाला की लागणारा उजेड निम्मा होतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक दाणे जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. दाण्यावर थोडासा उजेड पडला तरी पुरे. फिल्म धुताना तो अख्खा दाणा बदलतो. म्हणून दाणा मोठा असेल तर उजेड सापडण्याची शक्यता जास्त, आणि फिल्म वेगवान. पण दाणा मोठा झाला की तो फोटोत दिसतो. बारीक रव्याऐवजी जाड्या भरड्याने रांगोळी काढावी, तसे काहीसे होते. वेग हवा तर दाणेदारपणा सोसायचा.

कोडॅकची प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म १९३५ साली आली, तेव्हा तिची गती आजच्या मापाने दहाच्या आसपास होती. भर उन्हाचे काम. तिथून चारशेपर्यंत यायला चाळीस वर्षे लागली. १९७६ साली जपानच्या फुजीने चारशे गतीची रंगीत निगेटिव्ह फिल्म काढली, पुढल्या वर्षी कोडॅकनेही काढली. त्यानंतर मात्र चढाओढच लागली. १९८२-८३ मध्ये कोडॅकने हजार गतीची फिल्म आणली. त्यांनी युक्ती केली होती ती दाण्याच्या आकारात. आधीचे दाणे खड्यासारखे असत, ते त्यांनी चपटे केले. आपल्या भाताच्या मुलखात हे समजावणे सोपे आहे. तांदळाचा दाणा कुटून पोहा केला की वजन तेवढेच राहते, पण ताटात जागा जास्त व्यापतो. तशी त्याच चांदीने उजेड झेलायला जास्त जागा दिली. पुढे फुजीने सोळाशेची काढली आणि १९८७ मध्ये कोनिकाने थेट बत्तीसशेची. कागदावर तरी अंधार जिंकल्यासारखे वाटत होते.

आपल्याकडे उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. १९६० साली स्थापन झाला, १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म आमच्या पिढीतल्या अनेकांनी वापरली. पण वेगवान रंगीत फिल्म बाहेरूनच यायची. लाखनीच्या बाजारात शंभर आणि दोनशे, लग्नसराईत कधी चारशे. सोळाशेसाठी नागपूर गाठायचे, आणि तिथेही दुकानदार आतून शोधून आणायचा. त्याचे गिऱ्हाईक तीन प्रकारचे: वृत्तपत्रांचे फोटोग्राफर, आमच्यासारखे नाटकवेडे आणि आकाश पाहणारे. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसायचा, तेव्हा वेगवान रोलला अचानक मागणी आली होती. नागझिऱ्याच्या जंगलात भल्या पहाटे जाणारेही आठशेचा रोल मागत. पण लग्नाच्या एका हंगामात शंभराचे जेवढे रोल खपत, त्यापुढे हे सगळे मिळून चिमूटभर.

सोळाशेचा रोल मिळाला म्हणजे सगळे सुटले असेही नव्हते. साधी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते. दिव्याचा उजेड तिला नारिंगी दिसतो. रंगमंचावरच्या हॅलोजनखाली रामाचा चेहरा आणि रावणाचा चेहरा दोन्ही सारखेच पिवळे येत. त्यावर इलाज म्हणजे लेन्सवर निळी काच लावणे. पण ती काच तीन हिस्से उजेड खाऊन टाकते, म्हणजे सोळाशेची फिल्म पुन्हा चारशेची होऊन बसते. मी दोन-तीन नाटकांत ती काच लावून पाहिली आणि मग कायमची पेटीत ठेवली. पिवळा तर पिवळा. लॅबवाल्याला कागदावर छापताना थोडा निळा वाढवायला सांगायचे, आणि तोही बिचारा जमेल तेवढे करायचा.

मग ही फिल्म गेली कशी?

कोडाक्रोमचा निरोपसमारंभ जगाने पाहिला. कोडॅकने ती २००९ साली बंद केली. तिचा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना दिला. त्या छत्तीस फोटोंसाठी ते न्यूयॉर्कहून मुंबईला आले, इथे त्यांनी अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांचे फोटो काढले, राजस्थानात रबारी लोकांचे काढले. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका छोट्या गावच्या लॅबमध्ये तो रोल धुतला गेला. २०१० च्या डिसेंबरअखेर त्या लॅबने ती धुण्याची प्रक्रियाही थांबवली. वर्तमानपत्रांत लेख आले, लोक हळहळले. ती चौसष्ट गतीची, सावकाश चालणारी फिल्म होती. वेगवान फिल्मच्या वाट्याला असे काही आले नाही. अॅग्फाची फिल्म बनवणारी कंपनी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने फोटोचा धंदाच सोडण्याचे जाहीर केले. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. या पडझडीत हजार, सोळाशे, बत्तीसशे असे आकडे यादीतून एकेक करून गळत गेले. शेवटी राहिली होती फुजीची नॅचुरा १६००, खास जपानच्या बाजारासाठी काढलेली. २०१७ साली तीही बंद करत असल्याचे सांगण्यात आले. आमच्याकडे तर त्याच्या कितीतरी आधी नागपूरच्या दुकानदाराने एवढेच सांगितले होते, "सोळाशेचा आता येत नाही जी. चारशे देऊ का?"

वेगवान फिल्मच आधी का गेली, याची मला जी कारणे समजली त्यांतले पहिले धंद्याचे आहे. रंगीत फिल्म म्हणजे एकावर एक डझनभराहून जास्त पातळ थर. ते मोठ्या यंत्रावर, माणसाच्या उंचीला टेकेल एवढ्या रुंद पट्ट्यावर चढवतात. एकदा यंत्र चालले की रोल हजारोंनी निघतात. दहा-वीस रोल करून द्या, असे तिथे चालत नाही. शंभराची फिल्म भरपूर खपत होती तोवर कंपन्या तिच्या जिवावर सोळाशेचाही घाट घालत. भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर लोक तूर लावतात, तसे. बांधीच पडीक पडली तर नुसत्या तुरीसाठी कोण धुरा राखणार?

दुसरे कारण जास्त चमत्कारिक आहे, आणि त्याचा चटका मला स्वतःला बसला. फिल्म बंद होणार हे कळले की शौकीन माणसे साठा करतात. मीही केला. मिळाले तेवढे सोळाशेचे रोल घेऊन स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले, दह्याच्या भांड्याशेजारी. घरच्यांचे बोलणे खाल्ले. काही वर्षांनी त्यातला एक रोल एका मंडईच्या नाटकाला वापरला. धुऊन आला तेव्हा काळ्याच्या जागी मातकट करडा रंग, आणि दाणे ज्वारीएवढे. त्याच डब्यातला, त्याच वयाचा शंभराचा रोल मात्र ठणठणीत होता.

आधी मी भारनियमनाला दोष दिला. आमच्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, आणि त्या काळात वीज दिवसातून कितीतरी तास जायची. त्याचा हात असेलही. पण खरे कारण नंतर वाचनात आले. आकाशातून येणारे आणि जमिनीतून निघणारे नैसर्गिक किरण सतत आपल्या अंगावरून जात असतात. आपल्याला ते कळत नाहीत. मोठ्या दाण्याच्या फिल्मला कळतात. जी फिल्म किंचितशा उजेडाला जागते, ती या किरणांनाही जागते, आणि बंद डब्यात, अंधारात, कोणी फोटो न काढताच हळूहळू धुरकट होत जाते. थंडीने रसायने टिकतात, पण हे किरण फ्रीजच्या भिंतीला जुमानत नाहीत. विमानतळावर सामान तपासायच्या एक्स-रेतून आठशेच्या वरचे रोल जाऊ देऊ नका असे सांगत, ते याच जातीच्या कारणाने. म्हणजे जिचा साठा करावा अशी सगळ्यात जास्त निकड होती, त्याच फिल्मचा साठा करता येत नव्हता. दुकानदारालाही ती फार दिवस ठेवता येईना, म्हणून तो मागवेना. तो मागवेना म्हणून कंपनी बनवेना.

आता पर्याय काय होते? पहिला पर्याय जुन्या जाणत्यांचा. चारशेचा रोल सोळाशेचा समजून वापरायचा आणि धुताना रसायनात जास्त वेळ ठेवायचा. कृष्णधवलच्या काळात हे सर्रास चाले. घरच्या अंधाऱ्या खोलीत घड्याळ आपल्याच हाती असे. रंगीत फिल्मचे तसे नाही. तिला अडतीस अंशांच्या रसायनात बरोबर सव्वातीन मिनिटे ठेवायची असा जगभर एकच नियम, आणि कलर लॅबचे मशीन सगळ्यांना सारखे वागवते. लग्नाचे वीस रोल रांगेत असताना माझ्या एका रोलसाठी मशीनची चाल कोण बदलणार? एका ओळखीच्या लॅबवाल्याने रात्री उशिरा, काम संपल्यावर, दोन-तीनदा ते करून दिले. फोटो आले, पण उजळ भाग जास्त उजळ आणि सावल्या नुसत्या काळ्या. जिथे उजेड पोचलाच नव्हता तिथे जास्त वेळ धुऊन काही उगवत नाही. शिवाय तिन्ही रंगांचे थर सारखे चढत नाहीत, त्यामुळे सावलीला हिरवट झाक यायची.

दुसरा पर्याय सिनेमाचा. चित्रपटासाठी कोडॅकची पाचशे गतीची निगेटिव्ह आहे, आणि तिचा गुण असा की ती दिव्याच्या उजेडासाठीच बनवलेली आहे. निळ्या काचेची गरज नाही. मुंबईत शूटिंगमधून उरलेले तुकडे मिळत आणि हौशी लोक ते अंधारात मोजून रिकाम्या डब्यांत भरत. पण या फिल्मच्या पाठीवर काजळीचा एक थर असे. साध्या लॅबच्या मशीनमध्ये ती घातली तर काजळी सुटून दुसऱ्यांचे लग्नाचे रोल काळे व्हायचे. म्हणून कोणी लॅबवाला ती दारात उभी करीत नसे. पुढे २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या सिनेस्टिल नावाच्या छोट्या कंपनीने हीच फिल्म काजळी आधीच काढून, ८०० गतीची म्हणून विकायला सुरुवात केली. काजळी गेल्यामुळे दिव्याभोवती तांबडे वलय पडते. तरुण मंडळींना ते वलयच आवडते, त्याला काय करणार!

सिनेमाचीही फिल्म जाणारच होती. फुजीने २०१३ मध्ये चित्रपटाची फिल्म बनवणे थांबवले, आपल्याकडच्या प्रक्रियाशाळाही एकामागून एक बंद होत गेल्या. क्रिस्टोफर नोलन, क्वेंटिन टॅरंटिनो अशा काही दिग्दर्शकांनी आग्रह धरला, आणि २०१५ साली हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले. त्यांच्यामुळे यंत्र चालू राहिले. कोडॅकची पोर्ट्रा नावाची आठशेची फिल्मही अजून निघते, पण रोलची किंमत हजाराच्या वर, आणि आठशे म्हणजे सोळाशे नव्हे. नाटक ऐन रंगात येते तेव्हा दिवे मंद करतात, तिथे हा अर्धा हिशेब नेमका आड येतो.

आणि तिसरा पर्याय डिजिटल. गंमत अशी, की सुरुवातीचे डिजिटल कॅमेरे अंधारात अगदी दुबळे होते. चारशेला नेले की फोटोत लाल-निळे ठिपके. मला वाटायचे, या एका ठिकाणी तरी फिल्म हरणार नाही. २००७ साली निकॉनचा डी-३ आला आणि ६४०० गतीला स्वच्छ फोटो काढू लागला. तो कॅमेरा माझ्या ऐपतीतला नव्हता. पण पुढच्या सात-आठ वर्षांत ती शक्ती साध्या कॅमेऱ्यांत उतरली. फिल्म कॅमेऱ्याची सगळ्यात अवघड जागा तीच डिजिटलची सगळ्यात सोपी जागा झाली. शिवाय दिव्याचा पिवळा रंग एका बटणाने जातो. आता नाटकाला गेलो की पाचशे फोटो सहज निघतात. पूर्वी एका रात्रीला एक रोल, छत्तीस फोटो, आणि तिसऱ्या अंकासाठी दहा राखून ठेवायचे असा माझा नियम होता. राखून ठेवलेल्या त्या दहांत बहुधा जीव असायचा, हे मी आजही म्हणेन. पण त्यासाठी पुन्हा छत्तीसवर जा म्हटले तर जाणार नाही.

मधली काही वर्षे मात्र रिकामी गेली. सोळाशेचा रोल मिळेनासा झाल्यापासून परवडणारा डिजिटल कॅमेरा हाती येईपर्यंतच्या हंगामांचे माझ्याकडे फार थोडे फोटो आहेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे शब्द आणि दंडार कागदावर उतरवून ठेवली. रंगमंचावर दिवे कसे होते, पडदा कसा रंगवला होता, राजाच्या अंगावर कोणता शालू होता, हे मात्र फोटोतच राहते.

जे आहे तेही पक्के नाही. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदी उरत नाही, नुसते रंग उरतात, आणि रंग उडतात. आमच्या दमट पावसाळ्यात तर पाकिटांना बुरशीही येते. म्हणून दोन वर्षांपासून मी रोज दहा-बारा निगेटिव्ह स्कॅन करतो. दाणे स्कॅनमध्ये अधिकच ठळक दिसतात. ते पुसून गुळगुळीत करायची सोय संगणकात आहे, पण पुसले की दाण्यांबरोबर चेहऱ्यावरचा रंगाचा लेपही जातो, म्हणून मी ते तसेच ठेवतो.

पाकिटांवर गावाचे नाव आहे, तारीख आहे. नाटकाचे नाव निम्म्यांवरच, आणि नटांची नावे जवळजवळ कुठेच नाहीत. फोटो येतो की नाही याच्याच काळजीत मी तेव्हा असायचो. आता मंडईच्या दिवसांत ते फोटो मोबाइलमध्ये घालून त्या त्या गावी जातो आणि म्हाताऱ्या माणसांना दाखवतो. मागच्या हंगामात एका आजोबांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, "हा मीच आहो जी." मग त्यांनी शेजारच्या दोघांची नावे सांगितली, ती मी लिहून घेतली.